मालिश जरूर घ्या, पण खांदा ओढू देऊ नका

पत्र : वय 49. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाते, पतपेढीत कॅशला बसते. तीनेक महिन्यांपासून मान आणि डावा खांदा भरून येतो. कॉम्प्युटर-मोबाइलमुळे असेल म्हणून दुर्लक्ष केलं. आता रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही, कूस बदलली की जाग येते. केस बांधताना हात पोहोचत नाही, ब्लाउजचे मागचे हूक मुलगी लावून देते. शेजारणीने मालिशवाल्या मावशी पाठवल्या. त्या म्हणाल्या, नसेवर नस चढलीय, पंधरा दिवसांत सोडवते. मान-पाठ चोळतात तेव्हा स्वर्ग वाटतो, पण शेवटी हात धरून वर आणि मागे ओढतात, आणि त्या रात्री ठणका जास्त असतो. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, कल्याणला एकजण मान मोडून देतो, एका झटक्यात मोकळं वाटतं. मुलीने वाढदिवसाला स्पाचं व्हाउचर दिलंय. मिस्टर म्हणतात, हे सगळे चोचले. मलाही तिथे जायला संकोच वाटतो. सासूबाईंचं दीड महिन्यापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचे पाय रोज रात्री मी चेपते. शुगरच्या गोळ्या सोडल्या तर मला दुसरं काही नाही. मालिश घ्यावी का? कुठली? आणि मावशींना काय सांगू?

नमस्कार ताई,

मालिशीचं उत्तर देतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ब्लाउजचे मागचे हूक मुलगी लावून देते, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. नुसती मान आखडलेल्या बाईचा हात मागे जातो. कण्हत का होईना, जातो. तुमचा जातच नाही. त्यात रात्रीचा ठणका, त्या कुशीवर झोपता न येणं, वय 49 आणि शुगरच्या गोळ्या. हे सगळं एका ओळीत मांडलं की कुठल्याही फिजिओथेरपिस्टच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते फ्रोझन शोल्डरचं. पत्रावरून निदान होत नाही, आणि मी ते करत नाहीये. पण तपासून घ्यायला हवं, आणि ते मावशींच्या पुढच्या खेपेच्या आधी.

घरी एक गोष्ट करून बघा. आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कोपर कमरेला चिकटवा, कोपरात काटकोन करा, तळवे समोरासमोर. आता कोपर न हलवता दोन्ही हात बाहेरच्या बाजूला उघडा, दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे. उजवा किती उघडतो आणि डावा कुठे अडतो ते पाहा. मग हात सैल सोडून मुलीला सांगा की डावा हात हळूच, अगदी हळू, आणखी बाहेर नेऊन बघ. नुसतं स्नायूचं दुखणं असेल तर दुसऱ्याच्या हाताने तो बराच पुढे जातो. दुसऱ्याने नेऊनही तिथेच अडत असेल, तर अडचण स्नायूत कमी आणि सांध्यात जास्त आहे.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं. हात सगळीकडे फिरावा म्हणून ते मुळात ऐसपैस असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये त्याला सूज येते, ते जाड होतं आणि आकसतं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे दुखणं जास्त दिसतं, बायकांत थोडं अधिक, आणि मधुमेह असलेल्यांत कितीतरी अधिक. थायरॉइडवाल्यांतही. म्हणजे ‘शुगरच्या गोळ्या सोडल्या तर दुसरं काही नाही’ असं तुम्ही जे लिहिलंय, तेच इथे ‘काही’ आहे. हा आजार साधारण तीन टप्प्यांनी जातो: आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. मधुमेहात तो जास्त रेंगाळतो आणि कधी कधी दुसऱ्या खांद्यावरही येतो. तुम्ही बहुधा दुखण्याच्या टप्प्यात आहात. नेमक्या याच टप्प्यात सांधा जोराने ओढला की आतली सूज चाळवते आणि त्याची पावती रात्री मिळते. मावशींचे हात वाईट नाहीत, फक्त शेवटची ती ओढाओढ चुकीच्या जागी होतेय.

तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ते हात फिरवून बघतील, बहुतेक एक एक्स-रे काढतील. त्यात फ्रोझन शोल्डर दिसत नाही, पण दुसरं काही नाही ना, हे कळतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए1सी, अलीकडे केली नसेल तर करून घ्या. डॉक्टरांनी खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर नाव ऐकूनच घाबरू नका. दुखण्याच्या टप्प्यात त्याने बराच आराम पडू शकतो. मात्र त्यानंतर काही दिवस साखर वर जाते, म्हणून शुगरच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच घ्या. बरोबर फिजिओथेरपी. फिजिओ निवडताना पदवी आणि महाराष्ट्राच्या भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे खुशाल विचारा, कुणाला राग येत नाही. आला तर दुसरा शोधा.

एक गोष्ट थोडी घाबरवणारी आहे, पण सांगायलाच हवी. दुखणं डाव्या बाजूचं आहे आणि तुम्हाला मधुमेह आहे. मधुमेही बायकांमध्ये हृदयाचं दुखणं छातीत कळ न येताही येतं. डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना खांदा, जबडा किंवा हात भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, सोबत धाप, घाम, मळमळ असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हात हलवला की दुखतं आणि स्थिर ठेवला की कमी होतं, असं असेल तर बहुधा खांदाच. तसंच हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असतील, चालताना तोल जात असेल, ताप किंवा वजन उतरणं असेल, तर तेही मालिशीने सोडवायचं दुखणं नव्हे.

आता मालिशीकडे येऊ.

मावशी म्हणाल्या तशी नसेवर नस चढत नाही. बोटांखाली जे गाठीसारखं लागतं, ते बहुतेक वेळा ताणलेल्या स्नायूतले दुखरे, घट्ट पट्टे असतात. खांदा दुखतो म्हणून तुम्ही तो नकळत कानाकडे उचलून धरता, गर्दीत धक्का लागू नये म्हणून आणखी आवळता, आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा सगळा स्नायू दिवसभर ड्युटीवर राहतो. मावशी तिथे चोळतात तेव्हा मिळणारा आराम खोटा नाही. तो थोडा वेळच टिकतो, कारण स्नायू ज्या कारणासाठी आवळला गेला ते कारण, म्हणजे सांधा, तसाच आहे.

चोळल्याने बरं का वाटतं याचं एक जुनं उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलं. स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथेच काही प्रमाणात अडते. मूल पडलं की आई आधी गुडघा चोळते, मग ‘कुठे लागलं’ विचारते, त्यामागे हेच आहे. पुढे असंही कळलं की आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू केवळ हळुवार, संथ स्पर्शाला प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला. असा हात फिरला की मन निवतं. म्हणून ताण उतरवण्यासाठी मालिश घेणार असाल तर जोर महत्त्वाचा नाही, संथपणा महत्त्वाचा. ‘जितकं दुखेल तितका गुण येईल’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो साफ चुकीचा आहे. दहापैकी चार-पाचपर्यंतचं, हवंहवंसं दुखणं ठीक. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले, की स्नायू सुटायच्या ऐवजी लढायला लागतो.

संशोधन काय म्हणतं? उत्साहाच्या भरात स्पावाले सांगतात तितकं नाही, आणि तुमचे मिस्टर समजतात तितकं कमीही नाही. कोक्रेन या संस्थेने 2015 मध्ये कंबरदुखी आणि मालिश यांवरच्या 25 चाचण्या एकत्र तपासल्या. काहीच उपचार न घेण्यापेक्षा मालिशीने अल्पकाळ आराम मिळतो, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम वगैरेंबरोबर मालिशीलाही जागा दिली, अर्थात हातचं राखून. तुमच्या कामाचा अभ्यास 2014 मधला, अमेरिकेतला आहे. जुनाट मानदुखी असलेल्यांना वेगवेगळ्या मापाने मालिश देऊन पाहिली. अर्ध्या तासाच्या मालिशीने म्हणावा तसा फरक पडला नाही. तासाभराची, आठवड्यातून दोन-तीनदा, चार आठवडे, असं केलं तेव्हा पडला. म्हणजे वर्षातून एकदा व्हाउचर वापरून मान बरी होण्याची आशा नको. तो एक छान दिवस असेल, आणि छान दिवसाचीही किंमत असते.

ताणाबद्दल एक गंमत. ‘मालिशीने कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरतं’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जाहिरातीत दिसेल. अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कॉर्टिसॉलवरचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. पण अस्वस्थता आणि उदासी कमी होते, हे मात्र बऱ्यापैकी दिसलं. म्हणजे फायदा आहे, फक्त जाहिरातीत सांगतात त्या कारणाने नाही. तीच गोष्ट ‘विष बाहेर पडतं’ची. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, पाठ चोळून ती बाहेर येत नाहीत. मालिशीनंतर पाणी प्या, तहान लागलीच असेल तर. आणि काशाच्या वाटीने तळपाय चोळल्यावर तूप काळं पडतं, ती अंगातली उष्णता नव्हे. काशात तांबं असतं, तूप आणि घासणं यांनी तो काळेपणा येतो. वाटी माणसाच्या पायाऐवजी दुसऱ्या कशावर घासलीत तरी येईल. पण झोपण्यापूर्वी तळपायाला तूप लावून संथ वाटी फिरवली की डोळे मिटतात, हे खरं आहे, आणि माझं त्याला काहीच म्हणणं नाही.

कल्याणच्या त्या मान मोडणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. हे मी सल्ला म्हणून नाही, जवळजवळ हुकूम म्हणून लिहितेय. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर चढतात. मानेला एकदम पिळा दिला की क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी धरते आणि लकवा होतो. असं घडणं दुर्मीळ आहे, हे मान्य. पण ‘कट’ असा आवाज येण्याच्या सुखासाठी तो धोका कशाला? तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान मोडून देतात, तेही मिस्टरांना बंद करायला सांगा. आणि पार्लरमध्ये केस धुताना मान बेसिनच्या काठावर फार मागे लटकवून ठेवायची नाही. मानेखाली टॉवेलची जाड घडी मागून घ्या.

मग अशा लोकांचा गुण इतक्यांना येतो तरी कसा? आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाकडून पाठीवर पाय लावून घ्यायची पद्धत होती, अजूनही गावाकडे आहे. आणि लोक बरे व्हायचे. का, तर अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपणच उतरते. माणूस पायाळूकडे जातो तो दुखणं टिपेला पोहोचल्यावर, म्हणजे तसंही ते उतरणीला लागणार असतं तेव्हा. श्रेय पायाला मिळतं. आम्हा फिजिओंच्या मशिनींनाही कधी कधी असंच फुकटचं श्रेय मिळतं, हेही सांगून टाकते.

आता चोचल्यांविषयी. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग तेलाने रगडून काढतात. त्याला आजवर कुणी चोचले म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, तिथे ती मेहनतीचाच भाग असते. बाळंतिणीला मालिश आणि शेक-शेगडी मिळते, कारण ती बाळंतीण असते. घरातल्या सगळ्यांना नरक चतुर्दशीला तेल-उटणं लागतं, आणि बहुतेक घरांत पहाटे उठून ते लावून देणारी बाई शेवटी स्वतः घाईघाईत दोन तांबे ओतून घेते. म्हणजे आपल्याकडे मालिशीला नाव ठेवत नाहीत. कारण न सांगता, फक्त दमले म्हणून, पन्नाशीच्या बाईने ती मागितली की ठेवतात. मिस्टरांशी वाद घालायची गरज नाही. त्यांना एवढंच सांगा की खांद्यावर उपचार चालू आहेत आणि रात्री दहा मिनिटं तुमचे हात हवे आहेत. कसे, ते पुढे लिहिलंय. ज्याला काम नेमून दिलं तो माणूस टीका कमी करतो, हा माझा दवाखान्यातला अनुभव आहे.

स्पाचा संकोच. चांगल्या ठिकाणी आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात आजार विचारतात. तिथे मधुमेह लिहा, खांद्याचं लिहा. फॉर्म नसेल तर तोंडी सांगा, आणि ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसेल तर परत फिरा. मसाज करणारी बाईच हवी, हे फोनवर ठरवून घ्यायचं. सगळे कपडे काढायलाच हवेत असं नाही, तुम्हाला पटतील तेवढे ठेवा. जो भाग चोळला जातोय तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली. दाब कमी करा, पुरे, थांबा, हे केव्हाही म्हणता येतं. पैसे दिलेत म्हणून तासभर सोसायचं नसतं.

यादीत नावं भरमसाट असतात. तुमच्यासाठी स्वीडिश म्हणतात तो घ्या: तेल लावून लांब, संथ हात, मग मळणं, हलकं थोपटणं. (नाव स्वीडनचं, पण ही पद्धत आजच्या रूपात बसवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या योहान मेझगर या डच डॉक्टरला देतात.) डीप टिश्यू, म्हणजे खोलवर जोराने दाबण्याचा प्रकार, सध्या नको. थाई मसाज अव्वल प्रकार आहे, 2019 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेला, पण त्यात हात-पाय धरून ताणतात, आणि तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय. गरम दगडही नकोत. मधुमेहात त्वचेची जाणीव हळूहळू बोथट होते, चटका बसल्याचं वेळेवर कळत नाही. घरी गरम पाण्याची पिशवी घेतानाही हाच नियम: टॉवेलात गुंडाळून, पंधरा मिनिटं, आणि पाच मिनिटांनी त्वचा डोळ्यांनी बघायची.

केरळचं पंचकर्म किंवा आयुर्वेदिक अभ्यंग कुणी सुचवला तर वैद्याला आधी दाखवून घ्या. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने अभ्यंग रोज करावा, डोकं-कान-पाय यांना विशेष करावा, असं सांगितलंय ते सगळे ऐकवतात. त्याच्याच पुढे अजीर्ण झालेल्याने, कफाने त्रासलेल्याने, नुकतीच वमन-विरेचनासारखी शोधनकर्मं झालेल्याने करू नये असंही सांगितलंय, ते कुणी ऐकवत नाही.

सासूबाईंचे पाय तुम्ही रोज चेपता, त्याबद्दल मला खरी काळजी वाटते, तुमच्या खांद्यापेक्षाही. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पायाच्या खोलवरच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. अशी गुठळी चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. आजच दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एक जास्त सुजलेली, गरम, लालसर, दाबल्यावर दुखणारी असेल, तर हात लावायचा नाही, लगेच सर्जनला फोन करायचा. एकदम दम लागला, छातीत टोचलं, तर सरळ रुग्णालय. दोन्ही पाय सारखे आणि ठीक असले तरी डॉक्टरांना विचारेपर्यंत पोटऱ्या चेपणं बंद ठेवा. त्यांना आराम हवाच असेल तर तळव्यांना तेलाचा हलका हात फिरवा, पावलं वर-खाली हलवायला सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जोराने चोळलं की काळं-निळं पडतं, आणि वास येणारे दुखण्याचे बाम भरपूर लावणंही बरं नाही. त्यातल्या काहींतलं मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून आत जातं आणि वॉर्फरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढवतं. शिवाय वाकून पाय चेपणं हे तुमच्या खांद्याचं काम नाहीच. हे सध्या घरातल्या दुसऱ्या कुणाकडे गेलं पाहिजे, आणि ‘पाहिजे’ हा शब्द मी विचार करून वापरलाय.

मिस्टरांचे हात असे. तुम्ही खुर्चीवर उलट्या बसा, छाती खुर्चीच्या पाठीला टेकवून, कपाळ उशीवर. खोबरेल किंवा तिळाचं तेल, जे घरात असेल ते. तेल सांध्यात झिरपत नाही, ते हात सरकावा म्हणून असतं, तेव्हा महागडं नारायण तेल आणायची सक्ती नाही. आवडत असेल तर आणा. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि परत, तळहाताने, सावकाश. मग अंगठा आणि बोटांत तो स्नायू धरून हलका मळायचा. मणक्यावर दाब नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला हात नाही, पिळा नाही, खांदा ओढणं नाही. दहा मिनिटं पुरे. कुणी नसेल त्या दिवशी मोज्यात टेनिसचा चेंडू घालून तो पाठ आणि भिंत यांच्यात धरा, दुखरी जागा सापडली की अर्धा मिनिट तिथेच टेकून श्वास सोडत राहा. आणि तेलकट पायांनी बाथरूममध्ये जायचं नाही. घरात खुब्याचं एक ऑपरेशन झालेलं आहे, दुसरं नको.

व्यायाम तुमचा फिजिओ ठरवेल. तोवर एक निर्धोक प्रकार: उजव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाका, डावा हात सैल लोंबू द्या, आणि अंग हलवून त्याला पुढे-मागे, मग लहान वर्तुळात झुलू द्या. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. दुखणं वाढत नसेल तर भिंतीवर बोटांनी वर चढणंही चालेल. लोकलमध्ये डाव्या हाताने कडी धरू नका, ब्रेकच्या झटक्याला सगळा भार त्या सांध्यावर येतो. डबा, बाटली, छत्री अशी भरलेली पर्स एका खांद्यावर अडकवण्यापेक्षा पाठीवरची सॅक बरी. रात्री उजव्या कुशीवर झोपा, डाव्या हाताखाली उशी घ्या, म्हणजे तो पुढे लटकणार नाही.

आणि मावशी. त्यांना काढू नका. तासभर निगुतीने चोळणारे हात घरी येऊन मिळणं ही चैन आहे आणि त्यांचं पोटही त्यावर आहे. असं सांगा: “मावशी, डॉक्टर म्हणाले खांद्याच्या सांध्याला सूज आहे, म्हणून हात ओढायचा नाही, वर करायचा नाही. मान, पाठ, उजवा खांदा, दोन्ही दंड तुम्ही नेहमीसारखे करा, फक्त जरा हळू. मान वळवायची नाही.” त्या म्हणतील, असं केल्याने नस सुटणार नाही. म्हणू देत. तुम्ही म्हणा, नस सुटायला वेळ लागू दे, आज मला नुसती झोप यायला हवीय. पंधरा दिवसांचा ठेका सोडा आणि आठवड्यातून दोन दिवस ठरवा, शक्यतो संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर. पैसे मात्र पूर्ण तासाचे द्या.